जलदेवी रुसली कशाने?

फिलिन्नाच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी गावचा झरा आटला. आर्केडियाच्या त्या डोंगरात दुसरं पाणी नव्हतं. हर्मीस देवाच्या उत्सवाची सुट्टी होती, पण झऱ्याच्या दगडी सिंहमुखातून नुसतं ठिबकत असताना खेळायचं कुणाला सुचणार?

"जलदेवी रुसलीय!" पुजारी नेआर्कोस आजोबांनी सांगून टाकलं. "इतक्या नवऱ्या मुलींनी तिच्या कुंडात केसांच्या बटा वाहिल्या, तरी समाधान नाही. आता फिलिन्नाच्या शेळीचा बळी द्यायचा. आजच!"

फिलिन्नाने आपल्या शेळीच्या, मेलानाच्या गळ्याला मिठी मारली. "माझी शेळी नाही द्यायची मी!"

"घाबरू नकोस," तिचा भाऊ थ्रासोन म्हणाला. "मी सिंह मारणाऱ्या हेराक्लीससारखा..."

"तू? काल कोंबडा मागे लागला तर भिंतीवर चढलास!" त्याचा मित्र डेमास खिदळला.

"गप्प बसा रे दोघं! बेडूक ओरडतायत, ऐका!" फिलिन्ना म्हणाली.

देवीचं कुंड ज्या गुहेत होतं, तिच्यामागे तिघं धावली. तिथे घोटाभर चिखल!

"झरा आटलाच नाही!" फिलिन्ना म्हणाली. "कुंड भरून मागे सांडतंय. सिंहाकडची वाट तुंबलीय!"

"मग घालू कुंडात हात," डेमास म्हणाला.

"वेडा आहेस? देवीच्या कुंडाला शिवायचं नसतं!" फिलिन्नाने त्याला अडवलं.

"सिंहाच्या तोंडात घालायला तर कुणी अडवलं नाही ना?" थ्रासोनने बाही सरसावली.

पण तेवढ्यात मेलानाला सिंहमुखासमोरच्या वेदीकडे नेलंसुद्धा होतं! मुलं काही सांगू लागली, तर "पोरखेळ पुरे!" म्हणून मोठ्यांनी झटकलं.

फिलिन्ना पुजाऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, पाणी शिंपडल्यावर शेळीने मान डोलावली तरच बळी चालतो ना?"

"अर्थात!"

"आणि पाणी याच झऱ्याचं हवं?"

"याच! दुसरं कसं चालेल?"

"मग आम्ही आणतो भरून!" घागर उचलून ती सुटलीच.

थ्रासोनने सिंहाच्या जबड्यात खांद्यापर्यंत हात घातला. "हेराक्लीसनेसुद्धा सिंहाला असंच..."

"बडबड नको, ओढ!"

सळ्ळकन बाहेर आला तो लाल फितींसकट केसांचा भलाथोरला गुंता! पाठोपाठ पाण्याचा असा लोट सुटला की थ्रासोन उताणा पडला आणि वेदीपाशी उभे असलेले आजोबा दाढीपर्यंत भिजले.

आजोबांनी तो गुंता हातात घेऊन उलगडला. नवऱ्या मुलींच्या बटाच त्या!

"देवी रुसली नव्हती रे," ते म्हणाले. "आपणच तिचा गळा आवळला होता! यापुढे बटा झाडाला बांधायच्या. शाब्बास पोरांनो! फिलिन्ना, सोड तुझ्या शेळीला."

मेलाना मेली ती म्हातारपणाने, त्यानंतर कित्येक वर्षांनी, ऑलिव्ह तोडणीच्या दिवसांत.