चढाआधीचं बोलणं

खड्ड्यात चाक गेलं आणि ती सायकलसकट आडवी झाली. समुद्रापर्यंतच्या सायकलफेरीसाठी सरावाचा पहिलाच आठवडा! चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासणाऱ्या तिला एवढा मोठा खड्डा दिसला नव्हता.

मागून सायकलस्वारांचा घोळका आला. "डॉक्टर, बघा जरा!" म्हणत बाकीचे पुढे गेले, एक थांबला. तिनं निमूटपणे गुडघा पुढे केला.

"मोडलेलं नाही," हलक्या हातानं चाचपत तो म्हणाला. "पण मी गुराढोरांचा डॉक्टर आहे हं."

"अगं बाई! मग आता चारा लिहून देणार?"

तो असा काही हसला, की... ती दुखणंच विसरली.

मग रोज पहाटे तो गल्लीच्या तोंडाशी थांबू लागला. गिअर कधी बदलायचा, तहान लागायच्या आधीच पाणी कसं प्यायचं, सगळं शिकवत राहिला. तिचे पाय तयार होत गेले, जीव मात्र टांगणीलाच. शंभर किलोमीटर! त्यात मधला तो उभा चढ! फुशारकीनं अख्ख्या दुकानाला सांगून बसलेली. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. "हौसेला मोल नसतं, पण हाडांना असतं," आत्या जेवताना ऐकवायची.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्याला फोन केला. "मी येत नाही."

तो थेट फाटकाशी हजर.

"घाबरलात?"

"हो. सगळे पुढे जातील. तुम्ही माझ्यासाठी रेंगाळाल... मला कुणाची दया नको."

"दया मी दिवसभर गोठ्यांमधून करतो," तो म्हणाला. "इथे माझा स्वार्थ आहे. गेल्या वर्षी सगळ्यांच्या आधी पोचलो. समोर एवढा समुद्र – आणि 'बघ' म्हणायला शेजारी कुणी नाही."

तिचा हात उगाच फाटकाची कडी वरखाली करत राहिला. भीती होतीच. पण ती चढाची की ह्याची, काही कळेना.

"चढावर मी उतरून चालायला लागले तर?"

"मीही उतरेन."

"आणि तिथे माझ्याशी बोलायचं नाही. मला धाप लागते."

"मग आत्ताच बोलून घेतो..." तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल. "मला – तुम्ही – फार आवडता."

"कोण आलंय गं?" आतून आत्याचा आवाज.

"आले, आले!" ती ओरडली. मग वळून, अगदी हळू म्हणाली, "पहाटे हाक मार. मला आज झोप लागणार नाही... तुलाही लागू नये."