चार भोकांची पाटी

"बटन! अरे गाढवा, ये ना!" ब्रॉनविननं तिसऱ्यांदा हाक मारली. तांबड्या मातीच्या वाटेवर तिचं कुत्रं कुठंच दिसेना.

"सशामागं गेला असेल," धाकटा फर्गस म्हणाला.

सुट्टीत ही भावंडं आईबाबांबरोबर गाडीमागच्या फिरत्या घरातून रानोमाळ भटकत होती. आज सोबत डेल्वीनही होती. इथल्याच गुरांच्या कुरणावर वाढलेली मुलगी. चालता चालता ती एकदम थबकली. झुडपाखाली कोल्हा मरून पडला होता. अंगावर एक जखम नाही!

"विष," ती हळूच म्हणाली. "रानकुत्र्यांसाठी आई मांसाचे विषारी तुकडे टाकते. फाटकाच्या खांबावर पाटी आहे की! कुत्रं बांधून ठेवा म्हणून."

"पाटी? खांबाला नुसती चार भोकं होती!" ब्रॉनविन म्हणाली.

तेवढ्यात बटन दिसला. तोंडात काहीतरी काळपट, वाळकं. फर्गस धावणार, तोच डेल्वीननं त्याचा सदरा धरला. "पळू नकोस! त्याला खेळ वाटेल. हिसकायला गेलास तर गिळून टाकेल."

ब्रॉनविनला किंचाळावंसं वाटत होतं. पण तिनं पाठ फिरवली, तापल्या मातीत बसली आणि नखांनी उकरू लागली. "अरे वा! काय सापडलंय बघा!" ती मोठ्यानं म्हणाली. माश्या तोंडावर बसत होत्या. मागं वळून बघायचं नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती.

मग मानेवर गरम श्वास आला. बटन वाकून खड्डा हुंगत होता, रिकाम्या तोंडानं! तिनं गळपट्टा घट्ट धरला.

डेल्वीननं काठीनं तुकडा उलटला. "अख्खा आहे." तरीही तिघांनी बाटलीभर पाण्यानं बटनचं तोंड धुतलं. डेल्वीनच्या आईनं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची होती.

"पण पाटी गेली कुठं?" ब्रॉनविन विचारात पडली. उद्या आणखी गाड्या येणार, आणखी कुत्री. चार भोकं... सकाळी एका पत्र्याला पाहिली होती, तळावर चहा पिताना! ती तिकडं धावली.

शेजारच्या तंबूतले नेव्हिलआजोबा त्याच पत्र्याचं टेबल करून त्यावर शेगडी ठेवून बसले होते. बाबाही तिथंच होते.

"आजोबा, हे टेबल उलटून बघू?"

"सुट्टीतही गुप्तहेरगिरी?" बाबा हसले.

"पैज!" फर्गस म्हणाला. "खाली काही लिहिलेलं नसेल तर तुमची भांडी मी घासणार!"

आजोबांनी हसत शेगडी उचलली, पत्रा उलटला. लाल अक्षरं! 'विष. कुत्री बांधून ठेवा.'

"वाटेत पालथी पडली होती," आजोबा पुटपुटले. "मी उलटून पाहिलंच नाही."

"आणि बटनला मोकळं मीच सोडलं," बाबा म्हणाले.

दिवस कलला तरी बटन ठणठणीत होता. डेल्वीनची आई तिघांना म्हणाली, "आम्ही मोठी माणसं रोज त्या खांबासमोरून जात होतो. विचार केलात तो तुम्ही. शाबास!"

आजोबांनी पाटी स्वतः खांबावर धरली. दिवसभराच्या उन्हानं पत्रा अजून चटका देत होता, पण चारही स्क्रू घट्ट बसेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.