आयू-बेलवरचा चौथा वाटा

बुरुलला उतारापेक्षा चढ आवडायचा, आणि यावरून कादिर तिची यथेच्छ टिंगल करायचा.

"मास्तरीणबाई, सायकल ही बसायची वस्तू आहे, ढकलायची नव्हे."

"मग तू बस की. मी बघते कसा चढतोस ते."

नारिन गावाच्या मागच्या डोंगरांत सायकल जेवढी चालवावी लागते तेवढीच ढकलावी लागते. ओढे लागले की ती खांद्यावर घ्यायची. हे कादिरला तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. तिघांच्या सायकली त्यानेच बस डेपोतल्या भंगारातून जुळवल्या होत्या आणि त्यांच्या वेल्डिंगवर त्याचा फार जीव होता. बुरुल शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. तिथेच गाणं शिकवणारी अनारकान तिची मैत्रीण, आणि कादिर हा अनारकानचा थोरला भाऊ. दरवर्षी गवताची कापणी उरकली, की शाळा उघडायच्या आत तिघं एक नवी खिंड गाठायची. काही आणायला नाही, कुणाला भेटायला नाही. पलीकडे काय आहे एवढंच बघायला. अनारकानची सासू दारात उभी राहून म्हणायची, "तिकडे काय पुरून ठेवलंय गं तुमचं?" आणि तसं म्हणत म्हणतच बोरसोकांचं, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांचं, गाठोडं हातात द्यायची.

त्या वर्षी आयू-बेलची खिंड ठरली. तिकडून फारसं कुणी जात नाही असं कळलं होतं, म्हणूनच.

मेंढपाळांचा रस्ता संपला तिथून पायवाट सुरू झाली. जुनिपरच्या झुडपांचा उग्र वास, उन्हाने तापलेलं हँडल, कुठेतरी दगडाआडून शीळ घालणारे मार्मोट. अनारकान चढावरही गात होती. दम लागला की ओळ अर्धी सोडायची आणि पुढच्या वळणावर तिथूनच उचलायची. बुरुलला आजही ते गाणं आठवतं ते तसंच, तुटक तुटक.

माथ्यावर नेहमीसारखी दगडांची रास होती. त्यांनी आपापला दगड तिच्यावर ठेवला, सायकली आडव्या टाकल्या आणि चॉकलेट काढलं. खिंडीचं चॉकलेट खिंडीवरच खायचं, आधी चाखायचंसुद्धा नाही, असा त्या काळच्या सगळ्या भटक्यांचा रिवाज होता. वाटणीचीही रीत ठरलेली. अनारकान तुकडे करून सपाट दगडावर मांडायची, बुरुल पाठ करून उभी राहायची. अनारकान एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायची आणि बुरुल न बघता नाव घ्यायची. मोठा कुणाला, लहान कुणाला यावरून मग भांडण नाही.

"कुणाचा?"

"कादिरदादाचा."

"मोठा असू दे रे देवा," कादिर म्हणाला.

"कुणाचा?"

"तुझा."

"कुणाचा?"

"माझा."

वारा पडला होता. समोरच्या दरीत ढगाची सावली हळूहळू सरकत होती.

"कुणाचा?"

"सोनुनचा," बुरुल म्हणाली आणि वळली.

अनारकानच्या तोंडात तिचा तुकडा केव्हाच गेला होता. ती चांदीचा कागद नखाने सपाट करत होती. "काय म्हणालीस?"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"मी तीनदाच विचारलं. तुकडे तीनच, मी चौथ्यांदा कशाला विचारू? आणि सोनुन कोण?"

बुरुलला सांगता येईना. तिच्या नात्यात सोनुन नव्हती, वर्गात नव्हती. हजेरी घेताना एका नावामागून दुसरं जिभेवर येतं, तसं ते आलं होतं. आणि चौथ्यांदा विचारणारा आवाज अनारकानचाच होता, फक्त जरासा दमलेला.

कादिरला मजा वाटली. "वाटणीत नाव आलं म्हणजे वाटा द्यायचा. ज्याला वाटा मिळाला तो आपल्यातला." त्याने आपल्या तुकड्यातला कोपरा मोडून राशीवर ठेवला. "घे गं सोनुन. मोठा नाही, पण मनापासून आहे."

सगळी हसली. बुरुलने ब्रेकची तार ताणून पाहिली आणि पुन्हा राशीकडे बघितलं, तेव्हा कोपरा तिथे नव्हता. डोंगरकावळा, तिने मनाशी म्हटलं. डोंगरकावळे काहीही उचलतात. आकाशात तेव्हा एकही दिसत नव्हता, पण ते झटकन नाहीसे होतात हेही खरंच.

पलीकडच्या उतारावर ढगांनी त्यांना गाठलं. आधी साबुदाण्यासारख्या गारा, मग बर्फ. थोड्या वेळात पुढच्या सायकलचं मागचं चाकसुद्धा दिसेनासं झालं. वळणावर अनारकान घसरली. सायकल तिच्यावर, आणि तिचा डावा पाय दोन दगडांच्या मध्ये. हाड मोडल्याचा आवाज बुरुलला वर ऐकू आला.

कादिर वाट शोधायला खाली उतरला. मलमपट्टीची पिशवी बुरुलच्या सायकलला होती आणि सायकल वरच टाकून ती खाली धावली होती. पिशवी आणायला ती पुन्हा चढली. पिशवी घेऊन परत आली तेव्हा अनारकानचा पाय बांधलेला होता. आधाराला सायकलचा पंप लावून, वरून काळ्या दोरीने, घट्ट आणि नीट. कादिर येऊन बांधून गेला, असं तिने धरलं. पिशवी न उघडताच तिने आपली शाल वरून गुंडाळली.

"तुझे हात किती गार होते गं," डोळे न उघडता अनारकान म्हणाली.

कादिर परतल्यावर तिला सायकलवर बसवून दोघं दोन बाजूंनी धरून निघाली. वाट बर्फाखाली गेली होती. डावीकडे कुठेतरी कडा होता, पण नक्की कुठे ते सांगता येत नव्हतं. रात्र इथे पडली तर अनारकान सकाळ बघणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. तिचे ओठ निळे पडले होते आणि गाणं कधीच थांबलं होतं.

कादिरने सायकल थांबवली. "ऐक."

पुढे धुक्यात टिक टिक टिक चालू होतं. उतारावर सायकल हाताने धरून नेताना मागचं चाक वाजतं, तसं.

"आपलीच असेल," बुरुल म्हणाली.

कादिरने खाली बघितलं. त्यांच्या सायकलची दोन्ही चाकं स्थिर होती. उरलेल्या दोन वर बर्फात पडल्या होत्या.

टिक टिक टिक. मग तेही थांबलं. जणू मागच्यांची वाट बघत.

ते त्या आवाजामागे गेले. आवाज उजवीकडे वळला की वळले, थांबला की थांबले. कादिरने हाक मारली नाही. बुरुलनेही नाही.

बर्फात पुढे एकाही चाकाची खूण नव्हती.

मग कुत्रं भुंकलं, आणि शेणीच्या धुराचा वास आला.

लोकरीच्या नमद्याच्या एका गोल घरात एक म्हातारी एकटीच होती. तिने त्यांना आत घेतलं. आधी चुलीजवळ जागा केली, अनारकानच्या ओठाला मिठाचा गरम चहा लावला. रंग परतू लागला तसा बुरुलने कादिरचा दंड धरला.

"दादा, तू पाय बांधला नसतास तर काय झालं असतं!"

"मी?" कादिर म्हणाला. "मी तर तुलाच दुवा देत होतो."

म्हातारीने शाल सोडवली. तिचे हात मध्येच थांबले.

"हे केस कुणाचे?"

ती दोरी नव्हती. लांब, काळी, ओली वेणी होती. अनारकानचे केस मुलासारखे कापलेले. बुरुलच्या दोन्ही वेण्या पाठीवर जशाच्या तशा. कादिरने आपल्या टकलावरून हात फिरवला. "माझे नाहीत, आपा, एवढं नक्की." पण हसलं कुणीच नाही, तोसुद्धा नाही. वेणीच्या वरच्या टोकाला केस सुटे होते. कापल्याची खूण नव्हती, उपटल्याचीही नव्हती.

म्हातारीने ती पांढऱ्या फडक्यात घडी करून बुरुलच्या मांडीवर ठेवली. "केस असे टाकत नाहीत. धूत जा."

पाय वाचला तो बांधणाऱ्यामुळे, असं नारिनच्या डॉक्टरांनी सांगितलं. तो पाय पुढे कितीतरी खिंडी चढला. तिला आणखी दोन मुलं झाली, नातवंडं झाली, अनारकान त्याच पायाने अजून बाजारात जाते आणि भाव करताना आपटतेही. कादिर आता नाही. बुरुलच्या वेण्या पांढऱ्या झाल्या, बारीक झाल्या. रात्री अंथरुणावर पडली की ती एकेक खिंड आठवते, आणि प्रत्येकीत अनारकान पुढे चालताना दिसते. एवढं सगळं त्या दुपारी संपलं असतं. मग तिचे हात आपोआप दुव्यासाठी जुळून चेहऱ्यावरून फिरतात.

दर वसंतात ती पेटीतून फडकं काढते, वेणी आंबट ताकाने धुते, उन्हात वाळवते. त्या दिवशी अनारकान येते. दोघी अंगणात बसतात, जुन्या गोष्टी काढतात, आणि वेणीला आपल्याच माणसाचं डोकं विंचरावं तसं विंचरतात.

यंदा अनारकानने चष्मा वर सरकवला आणि वेणी डोळ्यांजवळ धरली. मग वेणीवरून हलकेच हात फिरवत म्हणाली, "आपल्याबरोबर हीसुद्धा म्हातारी व्हायला लागली गं."

वेणी खाली सगळी काळीभोर होती. वरच्या टोकाशी मात्र केस पांढरे होते.

बुरुलने ती नेहमीच्या घडीवर दुमडून फडक्यात ठेवली. फडकं तेच होतं, घडीही तीच. पांढरं टोक बाहेर राहिलं, बोटभर.