हा नाही, शेजारचा

या, असे जवळ सरकून बसा. आज एक खरी गोष्ट सांगतो. देवाच्या साक्षीने सांगतो, पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

रविवारची दुपार होती. रुग्णालयाच्या तळघरातली सर्व्हरची खोली.

तिथे दोन सर्व्हर. एक विंडोजवर, एक लिनक्सवर. त्या दिवशी लिनक्सवाल्यातली एक डिस्क मेली. बाकीच्या डिस्क तिचा भार ओढत होत्या, पण चुकून आणखी एक चांगली डिस्क निघाली असती, तर रुग्णांचे सगळे स्कॅन मातीत. सोमवारी सकाळी सहा ऑपरेशनं होती, त्याच स्कॅनवर.

आमची रीत ठरलेली. एकाने बाहेर बसून मेलेल्या डिस्कचा क्रमांक टाकून कमांड द्यायची, मग त्या डिस्कचा दिवा लुकलुकतो. आतल्याने "दिसला" म्हणायचं. मगच डिस्क ओढायची.

आत उभे राहायचे ते आमचे काका. नात्याने नव्हे, वयाने. मी दीडला फोन केला.

"निघालोच," काका म्हणाले. "मागच्या दाराने येतो. तोवर कशाला हात लावू नकोस. तुझी बोटं पुढे पळतात आणि डोकं मागून येतं."

दोनच्या सुमारास आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला...

"काका, आलात?"

"हं."

मी कमांड दिली.

मी कान आत लावला. नुसते पंखे.

मग...

"हा नाही. शेजारचा."

डिस्क चौथी, म्हणून मी चार टाकलं होतं. विंडोजवरचं आमचं टूल डिस्कचे खण एकपासून मोजतं, लिनक्सवरचं शून्यापासून. सकाळभर विंडोजवर बसलेलो, हात तसाच चालला. दिवा धडधाकट डिस्कवर लागला होता.

कोणती डिस्क मेली हे मी फोनवर सांगितलंच नव्हतं; मग काकांना आत उभ्या उभ्या हे कसं कळलं? तेव्हा मनातही आलं नाही.

तीन टाकलं.

"दिसला. काढू?"

"काढा."

खट्. मग नवी डिस्क बसल्याचा आवाज. पडद्यावर नव्या डिस्कमध्ये माहिती भरल्याचा आकडा हलला. एक टक्का.

फोन वाजला. काकांची मुलगी.

"दादा... बाबा गेले. तुमचा फोन ठेवला, बूट घालायला वाकले आणि..."

"कधी?"

"तेव्हाच. दीडला."

मी "बरं" म्हणालो.

नुसतं "बरं".

रडू आलं नाही. भीतीही नाही. हात माझे नव्हतेच जणू. पडद्यावर चार टक्के.

उठून आतलं दार ढकललं.

कुणी नव्हतं.

मागच्या दाराला आतून कडी.

मेलेली डिस्क टेबलावर नीट ठेवलेली. चालत्या सर्व्हरमधून काढलेली डिस्क बराच वेळ गरम असते. हिला हात लावला...

बर्फ.

मी परत जागेवर बसलो. नवी डिस्क भरेपर्यंत उठायचं नाही, हे काकांनीच शिकवलेलं. शंभर टक्के व्हायला रात्रीचे आठ वाजले. काकांना स्मशानात न्यायला मी नव्हतो.

सोमवारी सहाही ऑपरेशनं झाली.

सहा वर्षं उलटली. त्या खोलीत कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. मी एकटा आत जात नाही, एवढं खरं.

मात्र एक गोष्ट सलते. ते कामापुरते आले, आणि मी त्यांना "बसा" म्हणालो नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

तेव्हा माउलींनो, आज झोपण्यापूर्वी देवापुढे हात जोडाल ना, तर घटकाभर आमच्या काकांची आठवण काढा.