सुईखालची पावलं

घर विकलं गेलं. कपाटं गेली, जाजमं गेली, आईचं शिवणयंत्रसुद्धा कुणीतरी उचलून नेलं. राहिल्या त्या बापाच्या रेकॉर्डी. कास्किनेन या बंदराच्या गावातल्या त्या जुन्या लाकडी घराच्या माडीवर, भिंतीला लागून त्या उभ्या होत्या. बहुतेक टँगो, थोडे वॉल्ट्झ. खाडीतलं बर्फ सुटलं की नव्या मालकाच्या हातात किल्ल्या द्यायच्या होत्या. तोवर सगळ्या रेकॉर्डी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायच्या, असं रेइयोने ठरवलं.

काम सोपं होतं. प्लेअरची तार काडेपेटीएवढ्या एका डबीत घालायची, डबी कॉम्प्युटरला जोडायची, रेकॉर्डवर सुई ठेवायची आणि गप्प बसायचं. एकदा गाणं आत उतरलं की इंटरनेटवरून कुठल्याही खोलीत, कुठल्याही घरात ऐका. फक्त यात घाई चालत नाही. गाणं जेवढं लांब, तेवढाच वेळ उतरायला लागणार. तिथे वशिला चालत नाही. रेइयोचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. सारी हयात वीजकंपनीचे मीटर तपासण्यात गेलेली, धीर अंगात मुरलेला. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते सापडतंच, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. त्याची बायको होती तोवर ती या वाक्यावर कानांवर हात ठेवायची.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. हिल्का, त्याची आई, शरदापासून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धाश्रमात होती. डोकं पार विस्कटलं होतं तिचं. पडदे ओढायची, दाराशी जाऊन कोट मागायची, हाका मारून मारून घसा बसवून घ्यायची. मग डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि गोळीने ती दिवसभर तोंड उघडं टाकून पडू लागली. हनुवटीवरून लाळ गळायची. पोटचा पोर समोर बसलाय हेही तिच्या गावी नसायचं. गोळी कमी करून बघू, डॉक्टर म्हणाले होते, पण म्हातारी शांत राहिली तरच.

म्हणून त्याने तिच्या खिडकीत एक छोटा स्पीकर ठेवला आणि उतरवलेल्या पहिल्याच रेकॉर्डमधला टँगो लावला.

म्हातारी थबकली. पडद्यावरचा हात खाली आला. ती हळूहळू खुर्चीकडे गेली, बसली, पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. गाणी संपेपर्यंत तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"काय जादू केलीत हो!" मिर्वा दारातूनच म्हणाली. ही तिथली परिचारिका, आडव्या बांध्याची, तोंडाने फटकळ. "आम्ही हिवाळाभर डोकं फोडतोय, आणि तुम्ही एका गाण्यात गप्प केलंत हिल्काआजींना. या की इथे नोकरीला."

"बाबांच्या रेकॉर्डी आहेत. लहानपणी घरात हेच वाजायचं."

"बघा! माणूस जातं, पण लागलेली सवय जात नाही."

रेइयो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, नाक शिंकरलं, आणि हवामानाबद्दल काहीतरी बोलला. त्या आठवड्यात आईची गोळी अर्ध्यावर आली.

आवाज त्याच्या लक्षात आला तो नंतर, हेडफोन लावून एक रेकॉर्ड तपासताना. अॅकॉर्डियनच्या खाली, अगदी तळाशी, धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाण्याची जी रेघ उमटते, तिच्यातही त्या त्या जागी एक बुटका उंचवटा होता.

तो स्वतःशीच हसला. रेकॉर्डी उतरवणाऱ्या प्रत्येकाची ही पहिली चूक. लाकडी घर, फळ्यांची जमीन, तिच्यावर टेबल, टेबलावर प्लेअर. तुम्ही चाललात की फळी हलते, फळी हलली की सुई हलते, आणि सुईला काय, तिला गाणं नि पाऊल सारखंच. रेकॉर्ड चालू असताना तो कॉफीसाठी वर-खाली करत होता. "घ्या, आपलेच पाय आणि आपल्याच नावाने बोंब," तो म्हणाला, आणि तीच बाजू पुन्हा लावली. या वेळी पाय खुर्चीवर घेऊन, पोरासारखा मांडी घालून बसला.

धप्. धप्.

पुढच्या वेळी तो सरळ घराबाहेर गेला. सरपणाच्या खोपटाशी उभं राहून त्याने वेलदोड्याचा पाव खाल्ला. छपरावरचं बर्फ वितळून ठिबकत होतं, दुपारचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. परत येऊन ऐकलं तर आवाज होताच. आणि आता त्याला वाट होती. दाराजवळच्या पडवीतून निघायचा, स्वयंपाकघर ओलांडायचा, जिन्याशी यायचा. स्वयंपाकघरातली एक फळी दबली की दोनदा वाजते. तीही बरोबर दोनदा वाजली होती. मग जिना. जिन्याच्या मध्यावर रेकॉर्ड संपली होती.

रेइयो कारण शोधायला लागला. शेजारच्या घराला कुलूप, माणसं उन्हाळ्यापर्यंत स्पेनला. बंदरात एकही जहाज नाही. नळ त्याने स्वतः बंद केलेले. छपरावरचं बर्फ म्हणावं, तर बर्फ काय जिना चढतं? शिवाय एक गोष्ट कशातच बसेना. आवाज कडक होता, टाचेचा. घरात बूट घालून कोण चालतं? दारात काढायचे नि मोज्यांवर आत यायचं, हे इथे पोरांना चालायच्या आधी कळतं. रेइयोच्या पायात लोकरीचे मोजे होते, आईनेच विणलेले.

त्याने प्लेअर उचलला आणि खाली स्वयंपाकघरातल्या विटांच्या भट्टीवर नेऊन ठेवला. भट्टी थेट जमिनीतून वर बांधलेली. फळ्यांशी तिचं काही देणंघेणं नाही. तिच्याशेजारी घोडा नाचवला तरी सुईला पत्ता लागायचा नाही. नवी रेकॉर्ड लावून तो बाहेर गाडीत जाऊन बसला.

पहिलं गाणं स्वच्छ उतरलं होतं. दुसरंही. तिसऱ्यात, गाणाऱ्या बाईच्या आवाजाच्या खाली, पावलं माडीवर वाजली. मग जिन्यावर. या वेळी ती उतरत होती.

सावकाश उतरत होती, अजिबात घाई नसल्यासारखी. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा मोठं. जिना संपला. भट्टीपाशी येऊन ती थांबली, आणि त्याच क्षणी गाणं जड झालं, गाणारीचा आवाज खाली घसरला, फिरत्या रेकॉर्डवर कुणी बोट टेकवावं तसा. मग बोट उचललं गेलं. गाणं पुन्हा सुरळीत झालं.

रेइयोने हेडफोन काढले. मागे वळून बघायला त्याला जरा वेळ लागला. मागे रिकामं स्वयंपाकघर होतं, खिडकीतून आलेलं ऊन, आणि भट्टीवर थांबलेली रेकॉर्ड. आपण घाबरलोय, हे त्याने कबूल केलं. घर विकलेलंच होतं. रेकॉर्डी गाडीत घालून निघून जाता आलं असतं. पण आईची गोळी अर्ध्यावर आली होती. ती आता डोळे उघडे ठेवून बसायची. एकदा तर तिने त्याच्या बाहीवरचा धागा काढला होता. भीती वाटते म्हणून तिला पुन्हा लाळ गाळायला लावायचं? छे. एवढा खर्ज तिच्या त्या छोट्या स्पीकरला पेलतच नाही, त्याने स्वतःला समजावलं. तिला फक्त गाणीच ऐकू जातात. त्याने ती रेकॉर्डही आईसाठी चढवली आणि पुढची लावली.

या रेकॉर्डमध्ये पावलं भट्टीपासून पडवीकडे गेली. बाहेरच्या जड दाराचा दणका उमटला. त्यानंतर काही नाही.

उरलेल्या सगळ्या रेकॉर्डी धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ उतरल्या. शेवटची झाली तेव्हा रेइयोने प्लेअर गाडीत ठेवला, घर झाडलं, आणि शीळ घालत कुलूप लावलं. गेलं एकदाचं, जे काय होतं ते. कारण सापडलं नाही याची थोडी रुखरुख होती, पण तीही रात्रीच्या जेवणापर्यंत गेली.

रविवारी तुइयाचा फोन आला. ही त्याची मोठी बहीण. सतराव्या वर्षी बोट पकडून स्वीडनला गेली ती गेलीच. बापाच्या मयतीलाही आली नव्हती.

"आई एकदम शांत झाली बघ," रेइयो म्हणाला. आवाजातली फुशारकी त्याला लपवता आली नाही. "बाबांचे टँगो लावतो तिला. रोज दुपारी ऐकत बसते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"तुइया?"

"माडीवरच्या रेकॉर्डी?"

"त्याच. सगळ्या उतरवल्या."

"कचऱ्यात टाक म्हणून सांगितलं होतं मी तुला."

"तुला बाबांचं काहीच नको असतं. नेहमीचंच आहे तुझं."

"कशी बसते ती, रेइयो?"

"कशी म्हणजे? खुर्चीत बसते."

"अरे, नीट सांग. पाठ भिंतीला? तोंड दाराकडे?"

"हो."

"हात मांडीवर? पालथे?"

त्याला आठवावं लागलं नाही. "पालथे."

"अरे देवा," तुइया म्हणाली. मग तिचा आवाज बदलला, बारीक झाला. "ती ऐकत नाहीये, रेइयो. ती वाट बघतेय. घरात येताना बापाने बूट काढले तर काही नसायचं. नाही काढले की समजायचं. तसाच माडीवर जायचा, रेकॉर्ड लावायचा, मोठ्याने, शेजाऱ्यांना दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग खाली यायचा. तिच्याकडे."

पडवी, स्वयंपाकघर, जिना. मग खाली.

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुझ्यावर जीव होता त्याचा. त्याचं नाव निघालं की तुझा चेहरा फुलायचा. तुझ्या वाटणीला फक्त गाणी आली, आणि मला वाटलं, चला, एकाला तरी." ती रडत होती. "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता जा."

त्याने फोनवरूनच आईच्या खोलीतला स्पीकर बंद केला आणि गाडी काढली.

आश्रमाच्या दारात त्याने बूट काढले. मिर्वा समोरच उभी होती, हात छातीशी बांधून. आज तिच्या तोंडी थट्टा नव्हती.

"आज नका लावू गाणी," ती म्हणाली.

"नाही लावत. का?"

"काय सांगू. दुपारपासून कॉफीला कुणीच बाहेर आलं नाही. सगळ्या म्हाताऱ्या आपापल्या खोलीत गप्प बसल्यात. नको तेवढ्या गप्प."

आई खुर्चीत होती. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. खोलीत आवाज नव्हता. रेइयो खिडकीशी गेला आणि स्पीकरची तार भिंतीतून उपटून काढली.

"आई, बंद केलं बघ. आता पुन्हा कधी नाही लावणार."

तिने त्याच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी तिने असं पाहिलं होतं, ओळखून, पूर्ण. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिने त्याच्या गालावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता.

"रेइयो."

"हं, आई."

"टोपी आणलीस ना, बाळा?"

टोपी त्याच्या कोटाच्या खिशात होती. त्याने मान हलवली.

"घाल मग. अंगणात जाऊन खेळ जा." ती हसत होती. आवाज अगदी घरातला, रोजचा. फक्त डोळे त्याच्या खांद्यावरून दाराकडे लागले होते. "आणि गाणं संपेपर्यंत आत यायचं नाही, काय?"

"आई, गाणं नाहीये आता."

"जा, राजा. लवकर."

तो साठीला आलेला माणूस होता. पण पायांना ते माहीत नव्हतं.

भानावर आला तेव्हा तो खोलीबाहेर होता, आणि दार त्याने आपल्या मागे ओढून घेतलं होतं. हळूच, कडी वाजू न देता.

आश्रमाच्या लांबच लांब पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. उपटलेली तार त्याच्या मुठीत होती.

आत रेकॉर्डवर सुई टेकली, खरखरली.

रेइयोने टोपी कानांवर ओढून घेतली.