गाठ वर ठेवा

"अहो, हात लावू नका त्याला!"

आवाज असा कडाडला की तिच्या हातातलं जांभळ्या दोऱ्याचं रीळ सुटलं आणि गडगडत थेट आयरिसच्या फुलांच्या वाफ्यात गेलं. बागेचा माळी झारी टाकून धावत येत होता. धावण्याच्या नादात त्याची एक चप्पल मागेच राहिली होती.

"तोडत नाहीये हो, जुळवतेय!" ती म्हणाली. "मी भरतकाम करते. गिऱ्हाइकाला पडद्यावर आयरिस भरून हवेत. जांभळे. आता जांभळा म्हणजे नेमका कोणता, ते मात्र सांगत नाही ती बाई."

माळ्याने रीळ उचललं, झटकलं, पाकळीपाशी धरलं आणि नकारार्थी मान हलवली. "दुसरं दाखवा."

तिने पिशवीच पुढे केली. अकरा जांभळी रिळं! मग काय, दोघं तासभर वाफ्यावाफ्यातून वाकून हिंडत राहिली. नववं रीळ जुळलं तेव्हा तो असा तोंडभर हसला, की बाईसाहेब निघताना दोन रिळं बाकावर विसरून आल्या.

विसरून, बरं का! घरी वहिनीने ते तिथल्या तिथे ओळखलं.

"दोन रिळांसाठी परत बागेत? का गं, दुकानं ओस पडलीत?"

"महागाची आहेत ती."

"रिळं ना? हो, हो... रिळंच."

दर रविवारी काहीतरी राहायचंच तिथे. फुलं संपली, तरी जाणं काही संपेना. बहर ओसरल्यावर माळ्याने दाटलेले गड्डे उकरून वेगळे केले आणि एक कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवला. आल्याच्या तुकड्यासारखा वेडावाकडा होता.

"ही आयरिसची गाठ. कुंडीत लावा. तुमच्या नवव्या रिळाचा रंग आहे, दोरेवाल्या बाई."

तिने लावली. गॅलरीत, उन्हाच्या कोपऱ्यात. जिवापाड जपली. वर्षभर दर रविवारी बागेत जाऊन कुंडीची खबर देऊन आली. आज एक पान आलं, आज तिसरं आलं... पण बागेत पुन्हा बहर आला, तरी कुंडीत नुसती पानंच. फुलाचं नाव नाही.

आणि त्याच रविवारी माळी चप्पल जमिनीवर घासत म्हणाला, "मला दुसऱ्या गावच्या बागेत बोलावलंय. मुख्य माळी म्हणून. उद्या होय-नाही कळवायचंय." मग थोडं थांबून म्हणाला, "जाण्याआधी तुमची कुंडी तेवढी बघून जातो."

'जाऊ नका' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली काय, तर "चला."

गॅलरीत तो कुंडीपाशी उकिडवा बसला. वहिनी चहा ठेवायला म्हणून आत गेली आणि दाराआडच उभी राहिली. त्याने मातीत बोट घातलं. एक पेर गेलं, दुसरं गेलं, अख्खं बोट आत गेलं.

"अहो, ही तर तुम्ही पुरलीय!"

"मग? गाठ दिसायला नको ना! आमच्या भरतकामात गाठ नेहमी कापडाच्या उलट बाजूला. वर दिसली, तर आई सगळं उसवायला लावायची."

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "हिचं उलटं असतं, बाई. हिची पाठ उन्हात उघडी हवी. दडवून ठेवली की नुसती पानं येतात."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं..." त्याने गाठ अलगद वर उचलली, भोवतीची माती दाबली. "आता पुढच्या वर्षी फुलेल. मला— कळवाल ना?"

"नाही कळवणार."

"अं?"

"इथे येऊन बघ." आता थांबणं शक्यच नव्हतं. "म्हणजे... जाऊच नकोस. मला तू आवडतोस. वर्षभर दडवून ठेवलं होतं. घे, आली गाठ वर!"

आत कप खळकन फुटला.

माळी तसाच मातीच्या हातांनी उठला. मग त्याने खिशातून घड्या पडून पडून मऊ झालेलं पत्र काढलं.

"आठवडाभर हे घेऊन फिरतोय. होय लिहवत नव्हतं, आणि नाही लिहायला कारण नव्हतं... लिहायला काही आहे का गं?"

तिच्या कानावर कापडावर खुणा करायचा निळा खडू होता. तिने तोच पुढे केला. त्याने पत्रभर मोठ्ठं 'नाही' लिहिलं आणि पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला. मातीसकट.

पुढच्या वसंतात कुंडीत कळी धरली. दोघं सकाळपासून समोर ठाण मांडून बसली होती, तिच्या हातात नववं रीळ. दुपारी कळी उमलली.

पिवळीधमक!

माळ्याचा चेहरा पडला. "अरे देवा... तुला चुकीची गाठ दिली मी."

तिने रीळ बाजूला ठेवलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"गाठ बरोबर पडली रे. रंगाचं काय घेऊन बसलास?"