आईच्या आवाजातलं उत्तर

"आई, आणखी उपमा वाढू?" ऋतुराजने विचारलं.

"चालेल रे," उत्तर आलं. आवाज वैजयंताबाईंचाच, अगदी खणखणीत. आणि त्याच क्षणी बाईंनी धड असलेल्या डाव्या हाताने ताटली दूर सारली. ऋतुराजने मोबाइलमधून डोकं वर न काढताच वाढलं. आता याला काय म्हणावं?

समोर बसलेल्या रेहाना मुजावरने मात्र ते पाहिलं. ही मिरजेची वाचाउपचारतज्ज्ञ. पक्षाघातानंतर वर्षभर ती बाईंना चित्रं दाखवून बोलतं करत होती. काय म्हणायचंय ते बाईंना पक्कं ठाऊक असायचं, पण शब्द काही केल्या सापडायचा नाही. वाचाघात म्हणतात तो हाच. मग आला 'शब्दसाथी', गळ्यातला चपटा पट्टा. शब्द अडला की गळ्याच्या स्नायूंवरून पट्ट्याला कळायचं. अशा वेळी बाई पूर्वी काय म्हणायच्या, ते त्यांच्या जुन्या व्हॉइस मेसेजमधून शोधून तो त्यांच्याच आवाजात बोलून मोकळा. घरात जो तो खूश!

उद्या शस्त्रक्रिया करून हा शब्दसाथी गळ्याच्या आत बसवणार होते. एकदा बसवला की काढता येणार नव्हता.

"त्यांना विचारलंत?" रेहानाने विचारलं.

"विचारलं की. आई, उद्या ऑपरेशन करायचं ना?"

"तू म्हणशील तसं."

"बघा!" म्हणत तो रेहानाकडे वळलासुद्धा. आईची मान कशी हलतेय हे बघायला त्याला फुरसत कुठे!

रेहानाने उठून पट्ट्याचा मानेमागचा खटका काढला. "मावशी, सावकाश सांगा. मी थांबलेय. उद्या करायचं?"

"च... चमचा... दा... दार..." प्रत्येक चुकीच्या शब्दाला बाई मान झटकत होत्या. कपाळावर घाम आला. ऋतुराज शब्द सुचवायला पुढे झाला, तशी रेहानाने त्याला हाताने अडवलं. बाईंनी टेबलावर मूठ आपटली.

"नको!"

"चुकून आलं असेल," ऋतुराज घाईघाईने म्हणाला. "चमचा म्हणाली तसंच. आई जन्मात कुणाला नको म्हणाली नाही. बाबांनी तिला नोकरी सोडायला लावली, तेव्हासुद्धा चालेल म्हणाली..." त्याने आईकडे पाहिलं. "म्हणजे तेव्हाही नकोच होतं...?"

बाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. ती नजर त्याला सोसेना. त्याने पट्टा पुन्हा आईच्या गळ्यात अडकवला.

"आई, रागावलीस माझ्यावर?"

"छे रे, काही नाही," पट्टा लगेच म्हणाला.

बाईंचे ओठ त्यानंतरही कितीतरी वेळ हलत राहिले. काय म्हणत होत्या त्या? आणि उद्यानंतर ते कुणाला कळणार होतं?